शिळेचे थर, काचेचे थर



साताऱ्याच्या माणसाला सांगलीत व्याख्यानाला बोलावण्यात थोडा धोका असतो. १९४९ ते १९६० या काळात तुमच्या जिल्ह्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं, हे आम्ही विसरत नाही आणि कुणी आठवण करून दिलेली तुम्हाला आवडत नाही. म्हणून मी दोन्ही जिल्ह्यांच्या मालकीचा विषय घेऊन आलोय. औंध. गाव साताऱ्यात, खटाव तालुक्यात. पण त्या संस्थानातलं कुंडल आणि आटपाडी आज सांगलीत. या संस्थानाचा राजा स्वतः चित्रं काढायचा आणि दुसऱ्यांची विकत घ्यायचा. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आपल्या या दुष्काळी टापूत पाहायला मिळतात ती त्याच्यामुळे.

ज्यांच्या नावानं हे व्याख्यान होतं ते मास्तर आयुष्यभर ड्रॉइंगचे शिक्षक होते. या सभागृहातल्या निम्म्या लोकांची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट त्यांच्या हाताखाली झाली असेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. या परीक्षांनी आपल्याकडच्या हजारो मुलांच्या हाताला वळण लावलं. पण त्यांत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे चित्रकार. मूल घागर काढायला शिकलं. घागर दुसऱ्या कुणी कशी काढली आणि तशीच का काढली, हे त्याला कुणी विचारलं नाही.

चित्रकार शिकवायचा म्हणजे काय करतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. रविवर्मा यांचा जन्म कोठे झाला? किलिमानूर. कधी? २९ एप्रिल १८४८. मृत्यू? २ ऑक्टोबर १९०६. गुण तीन. उत्साही शिक्षक असला तर चित्राची झेरॉक्स वाटून तीत रंग भरायला सांगतो. आता शाळेत टॅब आले, भिंतीवर मोठा पडदा आला, आणि त्याच झेरॉक्सचं ॲप झालं. मूल लक्ष्मीच्या साडीवर बोट टेकवतं, साडी गुलाबी होते. पुन्हा टेकवतं, हिरवी होते. याला डिजिटल कलाशिक्षण म्हणतात. मी याला विजेवर चालणारी झेरॉक्स म्हणतो.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो, मग उदाहरणांकडे वळतो. चित्रकार त्यानं घेतलेल्या निर्णयांमधून कळतो. कुणाला उभं केलं, कुणाला चौकटीबाहेर ठेवलं, उजेड कुठून आणला, नजर कुठं वळवली. हे निर्णय मुलाला मोडून पाहता आले पाहिजेत. मोडल्यावर काय बिघडलं हे दिसलं की तो निर्णय का घेतला होता, ते कुणी न सांगता कळतं. कागदावर असं मोडून पाहणं फार अवघड, कारण खोडलेलं खोडलेलंच राहतं. पडद्यावर ते सोपं आहे, आणि माझ्या मते शाळेत पडदा आणण्याचं हे एकमेव चांगलं कारण आहे.

रविवर्म्याची शकुंतला तुम्हाला माहीत आहे. सख्यांबरोबर निघालेली, पायातला काटा काढायचं निमित्त करून मागं वळून पाहणारी. ज्याला पाहायला वळली तो दुष्यंत चित्रात नाहीच. आम्ही काय केलं, तर या चित्राच्या फोटोतली शकुंतला, सख्या आणि मागचं रान वेगवेगळ्या थरांवर कापून ठेवलं. ‘कृता’ नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे होतं. शिक्षकाची एक संध्याकाळ जाते. मग चित्र सातवीच्या मुलांपुढं टाकलं आणि म्हटलं, यातली एकच गोष्ट बदला.

एका मुलीनं शकुंतलेचं डोकं तेवढं वेगळं करून फिरवलं आणि नजर खाली पायाकडे नेली. बाकी सगळं तसंच. वर्ग क्षणभर बघत राहिला आणि मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, ‘‘आता हिला खरंच काटा लागलाय.’’

रविवर्म्यावर मी बरंच वाचलं आहे. त्याचं वास्तववादी तंत्र, युरोपीय तैलरंग, भारतीय पुराणकथा, हे सगळं मला पाठ आहे. पण त्या चित्राचं इतकं नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही. काटा खोटा आहे हे फक्त नजरेवरून कळतं. नजर हलवली की गोष्टच बदलते. आणखी एकानं चौकटीच्या कडेला एक दुष्यंत आणून उभा केला. त्याला वाटलं चित्र पुरं झालं. त्याच्या शेजारचीला ते आवडलं नाही, पण का ते तिला सांगता येईना. बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी ती म्हणाली, आता ती कुठं बघतेय याचा विचारच करावा लागत नाही. मी मध्ये पडलो नाही. शिक्षकानं गप्प बसण्याच्या ज्या मोजक्या जागा असतात, त्यातली ही एक.

असाच प्रयोग हंस-दमयंतीवर होतो. लाल साडीतली दमयंती आणि कठड्यावरचा हंस. हंस काढून टाका. उरते ती तळ्याकाठी उभी एक देखणी बाई, जिच्या हाताला आणि मानेला काही काम उरलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, थोर कलावंताच्या चित्राची अशी मोडतोड करणं बरं का? कायद्याचं आधी सांगतो. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या चित्रावरचा हक्क संपतो. रविवर्मा कधीच मोकळा झाला. १९४४ साली गेलेले धुरंधर २००४ नंतर. वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले आणि हुसेन २०११ साली, त्यामुळे त्यांच्या चित्रांची अशी कापाकापी करून ती जगभर फिरवायची नाही. वर्गात दाखवणं वेगळं. आणि नीतीचं म्हणाल, तर रविवर्म्याच्या चित्रांवर हात चालवण्याची परंपरा आपल्या आज्या-पणज्यांची आहे. घरोघरच्या तसबिरी आठवा. छापील लक्ष्मी-सरस्वतीच्या साडीला खरी जर लावलेली, अंगावर टिकल्या, मणी, कधी कापडाचा तुकडा चिकटवलेला. काचेच्या आत गेलेली ती चित्रं निम्मी रविवर्म्याची आणि निम्मी त्या घरच्या बाईची असत. कुणालाही त्यात अपमान दिसला नाही.

या तसबिरी आल्या कुठून, ते मुलांना सांगायलाच हवं, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथं आहे. १८९४ साली रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला. तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन, आणि शेवटी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या त्यातल्याच एका जर्मनानं विकत घेतला. छपाई शिळाप्रेसवर व्हायची. एका चित्राला एक शिळा पुरत नसे. मूळ तैलचित्र पाहून कारागीर ते रंगारंगांत फोडायचा: पिवळा जिथं जिथं आहे तेवढाच एका शिळेवर, तांबडा दुसरीवर, गुलाबी तिसरीवर, निळा आणखी एकीवर. एकेका चित्राला अशा बरेचदा दहाच्या वर शिळा लागत. कागद प्रत्येक शिळेवरून जायचा, साधारण फिक्यापासून गडदाकडे, आणि दरवेळी तो त्याच जागी अचूक बसावा लागायचा. केसभर सरकला की ओठांचा रंग हनुवटीवर.

आज आपल्या मुलांच्या बोटाखाली असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जे ‘लेअर’ असतात, ते दुसरं काय आहेत? एकेक थर पारदर्शक, एकावर एक रचलेला, हवा तेव्हा झाकता येणारा. मुलांना ते ॲप वापरता येतंच. आपल्याला शिकवायचं ते इतकंच की हे कालपरवा कुणा परदेशी कंपनीनं शोधलेलं नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी मळवलीचे कारागीर असाच विचार करत होते, फक्त त्यांचा एकेक थर चार माणसांनी उचलावा लागे. मी मुलांना एक साधी अट घालतो. एक चित्र काढा, पण एका थरावर एकच रंग, आणि एकूण थर पाच. पहिल्यांदा सगळी कुरकुर करतात. मग एखाद्याच्या लक्षात येतं की पिवळ्यावर निळा विरळ करून टाकला तर हिरवा फुकट मिळतो, एक थर वाचतो. त्या काळच्या छापखान्याचा हिशोब नेमका हाच होता. एक शिळा वाचणं म्हणजे पैसे वाचणं.

चित्र स्वस्त झालं ते अशा हिशोबांनी, आणि स्वस्त झालं म्हणून घरोघर पोचलं. ज्यांना देवळाचा गाभारा बंद होता त्यांच्याही घरात देव भिंतीवर आला. हा भाग मी सातवीला फार ताणत नाही, नववीला ताणतो.

हे सगळं पडद्यावर होतं, आणि पडदा एका बाबतीत साफ खोटं बोलतो. त्यावर सगळी चित्रं एकाच मापाची असतात. टपाल तिकीट आणि भिंतभर तैलचित्र, दोन्ही सहा इंचांत. म्हणून औंधला गेलंच पाहिजे. साताऱ्याहून रहिमतपूरवरून रस्ता आहे. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. १९३८ साली ते बांधलं गेलं. तिथं रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि खुद्द हेन्री मूरचं दगडातलं मायलेकरूही आहे. शाळांच्या सहली तिथं जातात आणि देवदर्शन, संग्रहालय, डबा असं करून दोन तासांत परत फिरतात. मुलं एकापुढून दुसऱ्या चित्रापुढं इतक्या वेगानं सरकतात की नंतर विचारलं तर डोंगर आठवतो.

आम्ही उलट करतो. आधी वर्गात एक चित्र थरांनी फोडून, मोडून, जोडून झालेलं असतं. निघण्यापूर्वी मुलं भिंतीवर खडूनं एक चौकोन काढतात: मूळ चित्र केवढं असेल? अंदाज नेहमी चुकतो, कधी लहान, कधी अवाढव्य. मग संग्रहालयात गेल्यावर ती चित्राशी स्वतःला मापून बघतात, आणि जवळ जाऊन शोधतात ते रंगाचे फटकारे. कॅमेऱ्यानं गुळगुळीत दाखवलेला गाल जवळून गुळगुळीत नसतो. त्यातला एक पोरगा म्हणाला होता, ‘‘झूम केलं की मोबाइलवर चौकोन दिसतात, इथं ब्रश दिसतो.’’

ज्यानं हे उभं केलं त्या भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींबद्दल थोडं. जन्म १८६८, गादीवर १९०९ ते १९४७. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून लोकांना ते माहीत आहेत, किंवा गांधीजींच्या सल्ल्यानं प्रजेच्या हाती राज्य देणारे म्हणून. पण त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ साली छापून आलं, अजिंठ्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी लाखाची देणगी दिली, ती त्यात चित्रं असावीत या हट्टानं. त्यांच्या आश्रयाला १९१८ पासून पंडित सातवळेकर होते. वेदांचे पंडित म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते जे. जे. स्कूलमध्ये तयार झालेले चित्रकार. त्यांचा मुलगा माधव सातवळेकर चित्रकार झाला आणि पुढं राज्याचा कला संचालक. म्हणजे तुमच्या-आमच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट ज्या कचेरीतून निघतात तिच्या खुर्चीवर औंधच्या घरातला माणूस बसून गेलाय. असो. खुद्द बाळासाहेबांची चित्रं मला सगळीच आवडतात असं नाही. काही फार सजवलेली वाटतात. पण मुलांपुढं ठेवायला राजाच्या चित्रांइतकाच उपयोगाचा आहे राजाचा एक मित्र, ज्याला चित्रकार होता आलं नाही.

तो म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८५ साली ते चित्रकार व्हायला जे. जे.मध्ये गेले. हात चांगला होता. पण दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगांधळेपणा. रंग सुटले, पेन्सिल राहिली; ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढं त्यांच्या बेळगावच्या कारखान्याची जागा गेली तेव्हा ते औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम करत होते, आणि बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळचं निवडुंगानं भरलेलं माळरान दिलं. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो ती उद्योगाचा आदर्श म्हणून नव्हे. मोठ्या शाळेत रंगांधळा मुलगा असतोच. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त. त्यानं झाडाचं खोड हिरवं रंगवलं की बाई त्याला ओरडतात आणि तो ड्रॉइंगचा तास बुडवायला शिकतो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सगळा पडदा करडा करायची सोय असते. ती लावायची आणि सगळ्या वर्गाला हंस-दमयंती पुन्हा दाखवायची. लाल साडी गडद करडी होते, हंस तेवढा उजळ राहतो, आणि डोळा कुणी न सांगता हंसाकडे जातो. रविवर्म्याच्या चित्राचा डोलारा रंगाच्या आधी छायाप्रकाशावर उभा आहे, हे त्या क्षणी कळतं. आणि त्या एका तासापुरता रंगांधळा मुलगा आणि बाकीचे सारखेच असतात. कधीकधी तोच पुढं असतो, कारण त्याला उजेड-अंधारावरून वाचायची आयुष्यभराची सवय असते. १८८५ साली लक्ष्मणरावांना असा तास मिळाला असता तर? बहुतेक एक बरा चित्रकार मिळाला असता आणि किर्लोस्करांचा लोखंडी नांगर उशिरा आला असता. शेतकऱ्यांनी आपल्याला माफ केलं नसतं.

सांगलीत बोलतोय तर हळदीवर बोललंच पाहिजे. इथल्या मार्केट यार्डात हळदीचे फोटो काढायला मुलांना धाडा. सॉफ्टवेअरमध्ये फोटोतला रंग टिपून घ्यायचं एक हत्यार असतं. त्यानं हळदकुंडाचा, तुटलेल्या कुंडाच्या आतला, सावलीतल्या पोत्यातल्या हळदीचा, हमालाच्या तळहाताचा, असे रंग टिपले की एका ओळीत पिवळ्यापासून विटकरीपर्यंतची पट्टी तयार होते. त्या पट्टीतल्या रंगांनी रविवर्म्याची एखादी साडी किंवा दागिना पुन्हा रंगवायचा. मुलं तयार पिवळा परत कधी वापरत नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण वापरताना आता थांबतात.

एक प्रश्न मला हल्ली सगळीकडे विचारतात: यंत्र आपोआप चित्र काढून देत असताना हे कशाला? आम्ही तेही करून पाहिलं. रविवर्म्याच्या शैलीत शकुंतला काढ, असं यंत्राला सांगितलं. आली. दागिन्यांनी मढलेली, रानात उभी, थेट आपल्याकडं बघत हसणारी. मुलांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘काटा कुठाय?’’ काटा सांगितल्यावर काटा आला, पण नजर नाही. नजर सांगितल्यावर सख्या गेल्या. ज्यांनी ते चित्र आधी स्वतः मोडून पाहिलं होतं, त्यांनाच हे प्रश्न सुचले, आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना यंत्राचं पहिलंच चित्र फार आवडलं.

अडचणी खऱ्या आहेत. बहुतेक प्राथमिक शाळांत ड्रॉइंगला वेगळा शिक्षक नाही. असला तर अंशकालीन निदेशक, त्याचं मानधन आणि नेमणूक दोन्ही टांगलेलं. टॅब कपाटात कुलूपबंद, कारण फुटला तर मुख्याध्यापकांच्या अंगावर. पण वर सांगितलेल्या सगळ्याला पाच मुलांत एक मोबाइल पुरतो, आणि खरं तर पाचांत एकच बरा, कारण मग मुलं बोलतात. प्रत्येकाला वेगळा टॅब दिला की वर्गात दवाखान्याच्या बाकड्यासारखी शांतता पसरते.

शेवटी एक सुचवतो. पाच थरांचं ते चित्र तयार झालं की ते घेऊन मुलांना गावातल्या ऑफसेटवाल्याकडं न्या. लग्नपत्रिका छापणारा कुणीही चालेल. तो मुलांना चार प्लेटा दाखवील: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. पत्रिकेवरचा गणपती प्लेटाप्लेटांत फोडलेला दिसेल, आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, हललेला एखादा रद्दी कागदही तो काढून देईल, ज्यात गणपतीला दोन सोंडा आल्यात. रविवर्म्याच्या शिळा म्हणजे काय हे सांगायला मला जो अर्धा तास लागतो, तो तिथं वाचतो. मात्र जाण्याआधी फोन करा. तुळशीच्या लग्नानंतर छापखानेवाला कुणाला दारात उभं करत नाही. आषाढात जा. लग्नं नसतात, मशीन रिकामं असतं, आणि पोरांनी शाईत हात घातला तरी तो फारसं काही बोलत नाही.